नोरेनची किंमत

नागोयात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच नोरेन दिसतो. ओसूच्या गल्ल्यांत, साकाएतल्या एखाद्या किशिमेनच्या दुकानापुढे, दाराच्या वरच्या भागात लोंबणारे, मधोमध चिरलेले गडद निळे कापड. त्यावर दुकानाचे नाव नाहीतर घराण्याचे चिन्ह. दुकान उघडले की ते बाहेर लागते, बंद झाले की आत जाते. धंदा कायमचा बंद झाला तर जपानी माणूस म्हणतो, "नोरेन उतरवला." दुकानाची बदनामी झाली तर म्हणतो, "नोरेनला जखम झाली." आणि दहा-पंधरा वर्षे इमानाने राबलेल्या नोकराला मालकाने त्याच नावाने स्वतंत्र दुकान थाटून दिले, तर त्याला म्हणतात 'नोरेन-वाके', नोरेनची वाटणी.

गंमत अशी की इंग्रजीत ज्याला गुडविल म्हणतात, त्याला जपानच्या हिशेबाच्या नियमांत अधिकृत शब्द हाच आहे. येथील एखाद्या मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. ताळेबंदात जमीन, इमारती, यंत्रे यांच्या खाली एक ओळ सापडेल: नोरेन, इतके इतके अब्ज येन.

आपल्याकडे वाणिज्य शाखेच्या पुस्तकात याला 'ख्याती' म्हणत, कोणी 'नावलौकिक' म्हणत. भागीदार निवृत्त झाला की सरासरी नफा काढायचा, त्याला दोनाने किंवा तिनाने गुणायचे आणि झाली ख्यातीची किंमत! मुंबईकरांचा 'पगडी' हा शब्दही याच गोतावळ्यातला, जरी पगडी नावाची नसून जागेची असते. डोक्यावरचे कापड काय नि दारावरचे कापड काय, डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीची किंमत सांगायला दोन्हीकडे कापडच सापडले.

हा लेख लिहायला बसलो त्याचे कारण वेगळे आहे. मी गेली बरीच वर्षे या शहरात हिशेबनिशीच्या व्यवसायात आहे आणि मंडळाच्या कार्यक्रमांत मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला प्रश्न इंजिनिअर मंडळींचा: "आमची गाड्यांची विक्री चांगली, गोदाम रिकामे, आणि तरी कंपनीने एवढा तोटा जाहीर केला. पैसा गेला कुठे?" दुसरा प्रश्न अलीकडे वाढला आहे, तो स्वतःचे काही सुरू करू पाहणाऱ्यांचा: "चालते दुकान मिळते आहे. नावाचे म्हणून पन्नास लाख येन मागतात. द्यावेत का, आणि दिले तर वहीत लिहायचे कसे?" दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे.

आधी नागोयाचीच एक गोष्ट सांगतो. साकाएजवळचे मात्सुझाकाया आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. हे घराणे मूळचे इतो. १६११ साली नागोयात त्यांनी व्यापार सुरू केला. पुढे ते कापडाचे मोठे व्यापारी झाले. १७६८ साली त्यांनी एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, उएनो येथील 'मात्सुझाकाया' नावाचे चालते दुकान विकत घेतले. नाव पुसले नाही, आपले नाव त्याला जोडून 'इतो मात्सुझाकाया' केले, कारण तेथील गिऱ्हाइकाला मात्सुझाकाया ठाऊक होते, नागोयाचे इतो नव्हते. १९१० साली नागोयात त्यांनी शहरातले पहिले डिपार्टमेंट स्टोअर उघडले, ते इतो याच नावाने. आणि १९२५ साली सगळ्याच दुकानांचे नाव मात्सुझाकाया झाले. म्हणजे विकत घेतलेल्या नावाने विकत घेणाऱ्याचे नाव गिळले! नाव विकत घेणे म्हणजे काय, हे यापेक्षा चांगले मला सांगता येणार नाही.

आता नियम. हिशेबशास्त्राचा पहिला दंडक असा की स्वतः कमावलेले नाव वहीत लिहायचे नाही. चार पिढ्यांनी घाम गाळून कमावलेल्या नावाची ताळेबंदातली किंमत शून्य. तोयोता हे नाव जगात कोणाला माहीत नाही? पण त्या नावाची किंमत तोयोताच्या ताळेबंदात शोधू नका, सापडणार नाही. कारण सोपे आहे. स्वतःच्या नावाची किंमत स्वतःच ठरवायची म्हटली तर प्रत्येक जण कोट्यधीश होईल. मात्र तेच नाव दुसऱ्याने पैसे मोजून घेतले, की बाजारात एक व्यवहार झाला, आकडा मिळाला. मग तो लिहावाच लागतो.

मुलांना घेऊन आपण ज्या कोकोइचीमध्ये जातो, ती इचिबानया ही आपल्या आइची प्रांतातलीच कंपनी, मुख्यालय इचिनोमियाला. १९७८ साली तिचे पहिले दुकान निघाले. काही वर्षे काम केलेल्या कर्मचाऱ्याला स्वतःचे दुकान काढून देण्याची तिची पद्धत म्हणजे आधुनिक नोरेन-वाकेच म्हणायची. २०१५ साली करीचा मसाला बनवणाऱ्या हाउस फूड्सने सुमारे ३० अब्ज येन खर्चून तिच्यातला आपला वाटा ५१ टक्क्यांवर नेला. अशा खरेदीत एवढे पैसे कशाचे दिले जातात? टेबलखुर्च्यांचे आणि भांड्यांचे तर खासच नव्हे. खरेदीदाराला प्रथम वेगळ्या काढता येतील अशा अदृश्य मालमत्ता मोजाव्या लागतात: ट्रेडमार्क, फ्रँचायझीचे करार, गिऱ्हाइकांशी झालेले करार, सॉफ्टवेअर. त्या सगळ्यांची किंमत वजा करून जे उरते, ज्याला दुसरे नावच देता येत नाही, ते नोरेन. थोडक्यात नोरेन ही मोजलेली वस्तू नव्हे, ती उरलेली बाकी आहे. माझ्या मते पुढचे सारे वाद यातूनच निघतात.

मुंबईच्या हिंदुस्थान युनिलिव्हरने १ एप्रिल २०२० रोजी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनचा खाद्यपेयांचा धंदा स्वतःत विलीन करून घेतला, तेव्हा हॉर्लिक्सच्या नावासाठी वेगळे ३,०४५ कोटी रुपये मोजले. हे नाव वेगळे विकता येते, म्हणून ते ब्रँड या सदरात. नोरेन मात्र धंद्यापासून सुटा करून विकता येत नाही.

आता चालत्या दुकानाकडे येऊ. आपल्या परिचयातल्या एका दांपत्याने शहराच्या दक्षिण भागातले एक भारतीय उपाहारगृह घ्यायचे ठरवले. जुना मालक वयामुळे निवृत्त होत होता. आकडे मी बदलून सोपे केले आहेत. एकूण किंमत १ कोटी २० लाख येन. स्वयंपाकघराची सामग्री आणि सजावट ३० लाख, घरमालकाकडची अनामत २० लाख, माल ५ लाख, पुरवठादारांचे देणे ५ लाख. म्हणजे हाती लागणारी निव्वळ दृश्य मालमत्ता ५० लाख. जवळच्या एका कारखान्याला रोज दुपारचे डबे पुरवण्याचा पाच वर्षांचा करार होता, त्याची किंमत हिशेबाने २० लाख निघाली. उरले ५० लाख. हा नोरेन.

येथे एक सावधगिरी. जपानमध्ये आहे त्या सजावटीसकट दुकान घेणे याला 'इनुकी' म्हणतात, आणि त्यात मागितली जाणारी रक्कम पुष्कळदा केवळ सामान-सजावटीची असते. तिच्यात नाव येत नाही, गिऱ्हाईक येत नाही, आचारी येत नाही. तेव्हा कागदावर नेमके काय विकले आहे ते वाचल्याशिवाय 'नावाचे पैसे' हा शब्द मान्य करू नये.

तर हे ५० लाख. यंत्राला घसारा लावतो तसा याला लावायचा का? येथे जगात दोन पंथ आहेत.

जपानी पंथ म्हणतो, होय. विकत घेतलेले नाव कायम टिकत नाही. रोज चांगले जेवण दिले नाही तर वर्षभरात गिऱ्हाईक विसरते. दहा वर्षांनी दुकान चालत असेल तर ते तुमच्या कमाईचे नाव, जुन्या मालकाचे नव्हे. म्हणून नोरेन जास्तीत जास्त २० वर्षांत, दरवर्षी ठराविक हप्त्याने, खर्ची टाकायचा. यालाच अमॉर्टायझेशन म्हणतात. शिवाय मधेच धंदा ढासळल्याची चिन्हे दिसली तर एकदम वजावट करायची, ती इम्पेअरमेंट. स्थावर व इतर स्थिर मालमत्तेच्या इम्पेअरमेंटचा जपानी नियम २००२ साली आला.

दुसरा पंथ अमेरिकेचा आणि आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय नियमांचा. अमेरिकेत पूर्वी ४० वर्षांपर्यंत हप्ते पाडत असत. २००१ साली ते बंद झाले, २००४ साली आयएफआरएसनेही तोच मार्ग धरला. त्यांचे म्हणणे, नोरेनचे आयुष्य कोणालाच ठाऊक नाही, मग वीस म्हणा की बारा, आकडा मनाचाच. त्यापेक्षा हप्ता नकोच. दरवर्षी एकदा कसोटी लावा, किंमत उतरली असेल तर उतरवा. भारतातल्या मोठ्या नोंदणीकृत कंपन्या २०१६ पासून इंड-एएस नियमांखाली याच पंथात आल्या. जपानने २०१० पासून आयएफआरएस ऐच्छिक ठेवले आहे. तोयोताने २०२० च्या एप्रिलपासून अमेरिकन नियम सोडून आयएफआरएस घेतले. त्यामुळे आपल्या वाचकांपैकी पुष्कळ जण ज्यांच्याकडे नोकरी करतात त्या कंपन्या दुसऱ्या पंथात, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने पहिल्या पंथात, अशी आइचीतली स्थिती आहे.

फरक किती पडतो? समजा तीन वर्षे गेली आणि तो कारखाना दुसरीकडे हलण्याची बातमी आली. जपानी पद्धतीने सामग्री ३० ची १५ लाख राहिली, डब्यांचा करार २० चा ८ लाख, नोरेन दहा वर्षांच्या हिशेबाने ५० चा ३५ लाख, अनामत २० लाख. बेरीज ७८ लाख. माल आणि देणे एकमेकांना खातात, ते सोडून देऊ. पुढची सात वर्षे वर्षाला ९ लाख सुटतील असा अंदाज, म्हणजे ६३ लाख, आणि शेवटी अनामत परत २० लाख. एकूण ८३ लाख. जपानी नियमाची पहिली पायरी अशी की हे पैसे व्याज न कापता मोजायचे. ८३ हे ७८ पेक्षा जास्त, म्हणून इम्पेअरमेंट नाही. वर्षाचा ५ लाखांचा हप्ता टाका आणि पुढे चला.

तेच दुकान आयएफआरएसने मोजू. अर्थात उपाहारगृहाला कोणी आयएफआरएस लावत नाही, पण समजण्यापुरते. नोरेनचा हप्ता पडलाच नाही, तो ५० लाखच आहे. बेरीज ९३ लाख. आणि पुढे येणारे पैसे आजच्या किमतीत आणायचे, समजा ८ टक्क्यांनी. सात वर्षांचे ९-९ लाख आज सुमारे ४७ लाखांचे होतात, सात वर्षांनी मिळणारी २० लाखांची अनामत आज पावणेबारा लाखांची. मिळून साधारण साडेअठ्ठावन लाख. ९३ मधून साडेअठ्ठावन गेले, साडेचौतीस लाखांचा तोटा एकाच वर्षी! दुकान तेच, आचारी तोच, गल्ल्यात रोख तीच. एका वहीत दरवर्षी पाच-पाच लाखांची पायरी, दुसऱ्या वहीत दोन वर्षे सपाट रस्ता आणि मग एकदम कडा.

इंजिनिअर मंडळींच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. तोटा जाहीर झाला त्या दिवशी तिजोरीतून एक येनही बाहेर गेलेला नसतो. पैसा गेला तो खरेदीच्या दिवशीच. त्या दिवशी जे स्वप्न विकत घेतले ते पुरे होणार नाही, एवढीच कबुली आज दिलेली असते. पण "रोख गेली नाही, म्हणजे काळजी नाही" असे जे व्यवस्थापन सांगते, तेही मला पटत नाही. भांडवल घटते, बँकांबरोबरच्या करारातल्या अटी मोडू शकतात, लाभांश अडतो, बोनसवर आणि नव्या भरतीवर हात जातो. तोशिबाचे काय झाले ते येथे सर्वांनी पाहिले. २००६ साली वेस्टिंगहाउस घेतली, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत अणुऊर्जा धंद्यापोटी ७१२.५ अब्ज येनची वजावट जाहीर करावी लागली. त्यानंतर कंपनीने आपला मेमरी चिपचा उत्तम धंदाही विकला. टपाल खात्याच्या जपान पोस्टने २०१५ साली ऑस्ट्रेलियाची टोल ही वाहतूक कंपनी घेतली, दोन वर्षांत ४००.३ अब्ज येन बुडाले म्हणून लिहावे लागले.

भारत आणि जपान यांच्यामधले सर्वांत बोलके उदाहरण मात्र दाइइची सांक्यो आणि रॅनबॅक्सीचे आहे. २००८ च्या जूनमध्ये करार झाला, शेअरमागे ७३७ रुपये, वाटा सुमारे ६४ टक्के. सप्टेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने देवास आणि पाँटा साहिब येथे बनणाऱ्या तीसहून अधिक औषधांची आयात रोखली. त्याच वेळी जगाचा बाजार कोसळत होता. डिसेंबरअखेर शेअर अडीचशे रुपयांच्या आसपास आला. दाइइची सांक्योने त्या वर्षी ३५१.३ अब्ज येन नोरेन एका फटक्यात खर्ची टाकला. जपानी पद्धत तर हप्त्याची, मग एकदम का? जपानी नियमांत एक कोपरा असा आहे की मुख्य कंपनीच्या स्वतंत्र ताळेबंदात उपकंपनीचे शेअर निम्म्याखाली गेले आणि सावरण्याची खात्री नसेल, तर त्यांची किंमत उतरवावी लागते, आणि तसे केले की एकत्रित ताळेबंदातला नोरेनही त्याच प्रमाणात तत्काळ उतरवावा लागतो. हप्त्याचा पंथही कड्यापासून वाचवतोच असे नाही. पुढे २०१४ साली रॅनबॅक्सी मुंबईच्या सन फार्माकडे देण्याचे ठरले, २०१५ च्या मार्चमध्ये विलीनीकरण पुरे झाले आणि बदल्यात मिळालेले शेअर विकून दाइइचीने सुमारे २० हजार कोटी रुपये सोडवले.

आपल्या टाटा स्टीलची कथा याहून संथ. २००७ साली कोरस सुमारे ६.२ अब्ज पौंडांना घेतली, सगळ्या वर्तमानपत्रांनी अभिमानाने मथळे दिले. युरोपात पोलादाची मागणी पडत गेली, आणि २०१३ च्या मेमध्ये सुमारे १.६ अब्ज डॉलरची वजावट जाहीर झाली. मागणी पडल्याचे २००९ मध्येही दिसत होते. कसोटीच्या पंथाचा हाच दोष: कसोटीत भविष्याचे आकडे भरायचे असतात, ते भरतो व्यवस्थापनच, आणि आपल्याच खरेदीला वाईट म्हणायला कोण उत्सुक असतो? म्हणून वजावट बहुधा उशिरा येते आणि आली की ढगफुटीसारखी येते. २००२ साली एओएल टाइम वॉर्नरने ९८.७ अब्ज डॉलरचा वार्षिक तोटा दाखवला तो बहुतांशी याच कारणाने.

मोटारधंद्यातल्या वाचकांसाठी आणखी एक मुद्दा, कारण तो नोरेनचा नसूनही त्याच घरातला आहे. नवी गाडी विकसित करण्याचा खर्च. जपानी नियमांत संशोधन आणि विकासाचा खर्च त्याच वर्षी खर्ची पडतो. आयएफआरएसमध्ये मात्र प्रकल्प यशस्वी होणार हे दाखवता आले, तर विकासाचा खर्च अदृश्य मालमत्ता म्हणून ताळेबंदात ठेवावा लागतो आणि गाडी विकली जाईल तसा हप्त्याने खर्ची टाकावा लागतो. आपण ड्रॉइंगवर घालवलेले तास म्हणजे अशी मालमत्ता. टाटा मोटर्सने २०१९ च्या फेब्रुवारीत एका तिमाहीचा सुमारे २७ हजार कोटी रुपयांचा तोटा दाखवला, त्यात जॅग्वार लँड रोव्हरमधली ३.१ अब्ज पौंडांची वजावट मुख्य होती. यंत्रांबरोबर असा साठवलेला विकासखर्चही त्यात होता. पुण्यात आणि येथे सारखेच मित्र असल्यामुळे त्या आठवड्यात मला फार फोन आले.

कोणता पंथ बरोबर? माझा कौल जपानी हप्त्याला आहे. तो मूर्ख वाटतो, पण प्रामाणिक आहे. खरेदी महाग पडली हे तो दरवर्षी थोडेथोडे बोचवत राहतो. अर्थात त्याचीही बोच काहींना नको आहे, कारण हा हप्ता येथे कारभाराच्या खर्चात धरतात आणि त्याने ऑपरेटिंग नफा कमी दिसतो. कंपन्या विकत घेऊन वाढणाऱ्या नव्या उद्योगांनी आणि उद्योगसंघटनांनी हा हप्ता ऐच्छिक करावा किंवा खालच्या ओळीत न्यावा अशी मागणी २०२५ साली जपानच्या नियमकर्त्यांपुढे ठेवली. उलट बाजूस, अमेरिकेत हप्ता परत आणावा यावर काही वर्षे चर्चा चालली होती, ती २०२२ साली गुंडाळली गेली, आणि आयएफआरएसवाल्यांनीही त्याच वर्षी कसोटीच कायम ठेवली. शेजाऱ्याचे ताट प्रत्येकाला भरलेले दिसते, दुसरे काय!

लहान धंद्याला या पंथवादाशी फारसे कर्तव्य नाही. तेथे कराचा नियम चालतो. धंदा विकत घेतला तर नोरेन करासाठी पाच वर्षांत सारख्या हप्त्याने वजा मिळतो. आपल्या दांपत्याच्या ५० लाखांपोटी वर्षाला १० लाख. त्यांचे येथील झेइरिशी, म्हणजे करसल्लागार, वहीतही पाचच वर्षे धरतील, तेच सोयीचे. भारतात मात्र दार बंद झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्मिफ्स सिक्युरिटीजच्या खटल्यात ख्यातीवर घसारा मिळतो असे ठरवले होते, २०२१ च्या वित्त कायद्याने तो काढून घेतला. गावाकडे भावाबरोबर दुकान घेणाऱ्यांनी जपानचा नियम तेथे लावू नये. आणि येथे नोरेनवर उपभोग कर लागतो हे किंमत ठरवतानाच धरावे. १० टक्क्यांनी ५० लाखांवर ५ लाख. अनामतीवर तो नाही.

पैसे देण्याआधी दोन कलमे मात्र वकिलाकडून समजून घ्यावीत. जपानच्या कंपनी कायद्याचे २१ वे कलम सांगते की धंदा विकणाऱ्या कंपनीने, वेगळा करार नसेल तर, त्याच नगरपालिकेच्या आणि शेजारच्या नगरपालिकांच्या हद्दीत २० वर्षे तोच धंदा करू नये. हे घेणाऱ्याच्या बाजूचे आहे, म्हणून विकणाऱ्याच्या मसुद्यात "हे कलम लागू नाही" अशी ओळ हळूच घातलेली नाही ना ते पाहावे. लगेचचे २२ वे कलम उलट बाजूचे. विकत घेणाऱ्याने जुने व्यापारी नाव तसेच चालू ठेवले, तर जुन्या मालकाच्या धंद्यातली देणी फेडण्याची जबाबदारी त्याच्यावरही येते. एकट्या मालकाच्या दुकानाला व्यापार संहितेत अशीच कलमे आहेत. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका गोल्फ क्लबच्या प्रकरणात, कंपनीचे नाव वेगळे असूनही क्लबचे नाव तेच ठेवले म्हणून, हेच तत्त्व लावले. यातून सुटका करून घेण्याचा मार्ग कायद्यानेच दिला आहे: खरेदी झाल्याबरोबर विनाविलंब 'जुन्या देण्यांना आम्ही जबाबदार नाही' अशी नोंद करून टाकायची, नाहीतर दोघांनी मिळून धनकोंना तसे कळवायचे.

आपल्या दांपत्याने ५० लाखांपैकी ३० लाख रोख दिले आणि २० लाख पहिल्या वर्षाच्या विक्रीशी जोडले. जुना आचारी एक वर्ष राहील हे करारात घातले. आणि दुकानाची चावी हाती आली त्याच आठवड्यात पती होउमुक्योकूत, म्हणजे नोंदणी कार्यालयात, ती नोंद करून आले. नोरेन तोच जुना ठेवला आहे, धुऊन.